इन्फ्लमासोम म्हणजे काय? सिलिकाची धूळ, गाऊट आणि पेशीतला धोक्याचा भोंगा

थोडक्यात

- इन्फ्लमासोम ही आपल्या रोगप्रतिकारक पेशींच्या आत धोक्याच्या वेळी जुळून येणारी प्रथिनांची यंत्रणा आहे.
- ती सुरू झाली की पेशी एरवी बाहेर न पडणारी काही प्रथिने बाहेर सोडते. त्यातले मुख्य म्हणजे इंटरल्यूकिन-१ बीटा. ताप, सूज, लाली आणि ठणका यांत त्याचा मोठा वाटा असतो.
- सिलिकाची बारीक धूळ आणि युरिक ॲसिडचे खडे हे दोन्ही या यंत्रणेला चेतवतात. पहिल्यामुळे सिलिकोसिस होतो, दुसऱ्यामुळे गाऊट.
- युरिक ॲसिडचे खडे औषधाने विरघळतात, सिलिकाचे कण विरघळत नाहीत. म्हणून गाऊट पूर्ण आटोक्यात ठेवता येतो, तर सिलिकोसिस टाळणे हाच खरा उपाय आहे.

हा लेख कोणासाठी?

पालघर, बोईसर आणि तारापूर एमआयडीसी परिसरात फाउंड्री, स्टील फर्नेस, सँडब्लास्टिंग, दगडखाण किंवा क्रशरवर काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. तसेच ज्यांच्या पायाचा अंगठा मध्यरात्री अचानक सुजून लाल होतो, त्यांच्यासाठीही. वरवर पाहता या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. पेशीच्या आत मात्र दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते. ती समजली की डॉक्टर एका रुग्णाला गोळी का देतात आणि दुसऱ्याला कामाची जागा बदला असे का सांगतात, हे कळते.

इन्फ्लमासोम कसा काम करतो?

आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. फुफ्फुसाच्या हवेच्या पिशव्यांत, सांध्यांच्या अस्तरात, यकृतात, जवळजवळ सगळीकडे त्या पहारा देतात. जंतू, मेलेल्या पेशी, धूळ असे जे नको ते गिळून पचवणे हे त्यांचे काम.

एखादी गोष्ट गिळूनही पचली नाही, किंवा तिने पेशीला आतून इजा केली, तर पेशी ते ओळखते. पेशीतील पोटॅशियम बाहेर झिरपू लागते, आतली पचनाची पिशवी फुटते. हे बदल झाले की एनएलआरपी३ नावाचे प्रथिन जागे होते. ते इतर प्रथिनांना जवळ ओढून एक चाकासारखी जुळणी करते. हाच इन्फ्लमासोम. या जुळणीवर कॅस्पेज-१ नावाची कात्री कार्यान्वित होते. जुरिकच्या नव्हे तर स्वित्झर्लंडमधल्याच लोझान परिसरातील युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये या यंत्रणेचे पहिले वर्णन केले आणि तिला हे नाव दिले.

कारखान्यातल्या भोंग्याशी याची तुलना करता येईल. भोंगा स्वतः आग विझवत नाही. पण तो वाजला की सगळी माणसे धावतात. इन्फ्लमासोम हा पेशीचा भोंगा आहे.

प्रथिने बाहेर कशी पडतात?

पेशी रोज अनेक प्रथिने तयार करून बाहेर पाठवते. नेहमीच्या मार्गाला ठरलेली शिस्त असते. बाहेर जायच्या प्रथिनाच्या सुरुवातीला एक खुणेचा तुकडा असतो. तो पाहून पेशी त्या प्रथिनाला आतल्या नळ्यांमधून नेते, पिशवीत भरते आणि पिशवी पेशीच्या कडेला नेऊन रिकामी करते. कंपनीच्या गेटवर गेटपास दाखवून माल बाहेर जावा, तसे हे आहे.

इंटरल्यूकिन-१ बीटाकडे हा गेटपास नसतो. ते पेशीच्या आतच, अपूर्ण अवस्थेत थांबलेले असते. बाहेर पडण्यासाठी दोन पायऱ्या लागतात.

१. तयारी. जंतूचा अंश किंवा दाहाचा दुसरा एखादा संदेश मिळाला की पेशी अपूर्ण इंटरल्यूकिन-१ बीटाचा साठा करते. हा साठा अजून निष्क्रिय असतो.

२. चालना. खडे, धूळ किंवा जंतूचे विष यांनी पेशीला इजा झाली की इन्फ्लमासोम जुळतो. कॅस्पेज-१ साठ्यातले प्रथिन कापून सक्रिय करते.

हीच कात्री गॅसडर्मिन-डी नावाचे दुसरे प्रथिनही कापते. कापलेले तुकडे पेशीच्या आवरणात जाऊन एकमेकांना चिकटतात आणि गोल भोके पाडतात. गॅसडर्मिन-डीचे हे काम २०१५ मध्ये उजेडात आले. सक्रिय झालेले इंटरल्यूकिन-१ बीटा आणि त्याचा भाऊबंद इंटरल्यूकिन-१८ या भोकांतून बाहेर पडतात. म्हणजे गेट न वापरता भिंतच फोडून माल बाहेर येतो.

भोके थोडी असतील तर पेशी ती बुजवून जगू शकते. फार झाली तर पेशी फुगते, तिचे आवरण फाटते आणि आतले सगळे बाहेर सांडते. पेशीच्या अशा मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. सांडलेल्या प्रथिनांत काही अशी असतात, जी शेजारच्या पेशींना आणखी घाबरवतात. एका पेशीचा भोंगा ऐकून दहा पेशी धावून येतात, ते असे.

हे शरीरासाठी चांगले की वाईट?

मुळात चांगले. जंतुसंसर्गात हाच भोंगा जीव वाचवतो. बाहेर पडलेले इंटरल्यूकिन-१ बीटा मेंदूपर्यंत संदेश पोहोचवून ताप आणते, रक्तवाहिन्या सैल करून पांढऱ्या पेशींना इजेच्या जागी बोलावते आणि यकृताला सीआरपी नावाचे प्रथिन बनवायला लावते. तुमच्या रिपोर्टवर ‘सीआरपी वाढलेला’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा असेच संदेश असतात.

प्रश्न येतो तो भोंगा बंदच होत नाही तेव्हा. जंतू मरतात आणि भोंगा थांबतो. पण चेतवणारी वस्तू मरणारी किंवा पचणारी नसेल तर?

सिलिकाची धूळ: न विरघळणारा शत्रू

सिलिका म्हणजे वाळू आणि गारगोटीतला मुख्य पदार्थ. मोठा वाळूचा कण धोक्याचा नाही, तो नाकात किंवा घशात अडकतो. धोका आहे तो साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा. आपला केस त्याच्या दहापट किंवा त्याहून जाड असतो. इतकी बारीक धूळ डोळ्यांना नीट दिसत नाही आणि श्वासाबरोबर थेट हवेच्या पिशव्यांपर्यंत जाते.

तिथली मॅक्रोफेज पेशी हा कण गिळते. तो पचत नाही. उलट पेशीच्या पचनाच्या पिशवीलाच फोडतो. इन्फ्लमासोम जुळतो, इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडते, पेशी मरते. सिलिका आणि ॲस्बेस्टॉस हे एनएलआरपी३ला चेतवतात, हे २००८ मध्ये वेगवेगळ्या गटांच्या संशोधनातून पुढे आले.

आता मुद्द्याची गोष्ट. पेशी मेल्यावर तिने गिळलेला कण जसाच्या तसा बाहेर पडतो. दुसरी पेशी तो गिळते, तीही मरते. मग तिसरी. हे चक्र वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक फेरीत बाहेर पडणारी प्रथिने आजूबाजूच्या पेशींना जखम भरण्याचे, म्हणजे कडक धागे विणण्याचे संदेश देतात. हळूहळू फुफ्फुसात कठीण गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस.

म्हणूनच काम सोडल्यावरही सिलिकोसिस पुढे वाढू शकतो. ‘आता मी गावी शेती करतो, कारखाना सोडून पाच वर्षे झाली, मग धाप आत्ता का लागते?’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. धूळ मागे राहिलेली नाही, ती फुफ्फुसात सोबत आली आहे.

कोणत्या कामात धोका जास्त?

- फाउंड्री: मोल्डिंगची वाळू हाताळणे, साचा फोडणे, कास्टिंग घासणे.
- इंडक्शन फर्नेस: भट्टीच्या आतल्या अस्तरासाठी वापरले जाणारे रॅमिंग मास बहुतेक ठिकाणी गारगोटीच्या पुडीचे असते. पोती ओतताना आणि जुने अस्तर फोडताना खूप धूळ उडते. हे काम थोडा वेळच चालते, म्हणून ते किरकोळ समजले जाते. ते किरकोळ नाही.
- सँडब्लास्टिंग: वाळूच्या माऱ्याने गंज काढणे. सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक.
- क्रशर, खाण, टाइल व ग्रॅनाइट कापणे: आपल्याकडचा काळा दगड बेसॉल्ट आहे. त्यात मोकळी सिलिका कमी असते, त्यामुळे सिलिकोसिसचा धोका गारगोटी किंवा ग्रॅनाइटच्या तुलनेत कमी. पण धूळ जास्त असेल तर फुफ्फुसाला इतर त्रास होतोच.

गारगोटीची धूळ किती घातक ठरते याचे उदाहरण शेजारच्या राज्यातले आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गुजरातमध्ये गोध्रा, बालासिनोर इथे गारगोटी दळण्याच्या कामाला गेले. त्यातल्या अनेकांना तरुण वयात सिलिकोसिस झाला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

लक्षणे आणि टीबीचा घोळ

नेहमीचा सिलिकोसिस साधारण १० वर्षे किंवा जास्त काळ धुळीत काम केल्यावर दिसतो. धूळ फार असेल तर ५ ते १० वर्षांत, आणि सँडब्लास्टिंगसारख्या कामात कधी काही महिन्यांतही. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग कोरडा खोकला, जिना चढताना धाप, थकवा, वजन कमी होणे.

टीबीचीही लक्षणे अशीच असतात आणि एक्स-रेवरचे डागही कधी कधी सारखे दिसतात. त्यात भर म्हणजे सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. सिलिकाने मॅक्रोफेज पेशी मारलेल्या असतात, आणि टीबीच्या जंतूंशी लढायचे काम त्याच पेशींचे. त्यामुळे दोन चुका होतात: सिलिकोसिसला टीबी समजून औषधे देत राहणे, किंवा सिलिकोसिस माहीत असल्याने खरा टीबी नजरेतून सुटणे.

दोन्ही टाळण्यासाठी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. डॉक्टरांना तुमचे काम सांगा. ‘कंपनीत आहे’ एवढे पुरेसे नाही. कोणत्या खात्यात, कोणती पूड हाताळता, किती वर्षे, त्याआधी कुठे होता, हे सगळे सांगा. जुने एक्स-रे टाकून देऊ नका, ते तुलनेसाठी लागतात. बेडक्याची तपासणी आणि टीबीची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

सिलिकोसिसवर उपचार काय?

फुफ्फुसातल्या गाठी नाहीशा करणारे औषध आज नाही. प्रयोगशाळेत एनएलआरपी३ बंद करणाऱ्या औषधांवर काम चालू आहे, पण सिलिकोसिससाठी असे औषध अजून मंजूर झालेले नाही. सध्या होणारे उपचार असे: धुळीपासून पूर्ण दूर राहणे, तंबाखू-बिडी सोडणे, टीबीची तपासणी, श्वासाचे व्यायाम, डॉक्टरांच्या सल्ल्याने लसी, गरज पडल्यास इनहेलर आणि ऑक्सिजन. ‘फुफ्फुस साफ करणारे’ काढे, गूळ किंवा महागडी पावडर यांनी सिलिकाचा कण निघत नाही.

बचाव कसा करायचा?

- धूळ उठण्याआधी पाणी मारा. कोरडा झाडू मारू नका, एअरच्या पाइपने कपडे किंवा जमीन उडवू नका.
- गमछा, रुमाल किंवा कापडी मास्क या धुळीला अडवत नाही. किमान एन-९५ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. सँडब्लास्टिंगला तोही अपुरा आहे, तिथे बाहेरून हवा पुरवणारे शिरस्त्राण लागते.
- मास्क हा शेवटचा उपाय. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि बंदिस्त मशीन ही मालकाची जबाबदारी आहे.
- कामाचे कपडे घरी झटकू नका. शक्य असेल तर कंपनीतच बदला.

सिलिकोसिस हा कायद्याने नोंद करणे बंधनकारक असलेला व्यावसायिक आजार आहे. ईएसआयसीचे सदस्य असाल तर तो कामावरची इजा म्हणून धरला जातो आणि त्याचे लाभ मिळू शकतात. कंत्राटदाराकडे काम करत असलात तरी आपला ईएसआय क्रमांक आहे का, हे विचारून घ्या. कामाचे कार्ड, पगाराच्या पावत्या, गेटपास जपून ठेवा. उद्या काम सिद्ध करायला त्याच कामी येतात. कारखान्यातील धुळीबाबतची तक्रार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

गाऊट: विरघळणारा शत्रू

आता त्याच भोंग्याची दुसरी बाजू. रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर बराच काळ राहिले की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जमू लागतात. मॅक्रोफेज पेशी ते गिळते आणि पुढे तेच घडते: एनएलआरपी३, कॅस्पेज-१, इंटरल्यूकिन-१ बीटा. गाऊटच्या खड्यांचे हे काम २००६ मध्ये चॉप यांच्याच गटाने दाखवले. काही तासांत लाखो पांढऱ्या पेशी सांध्यात धावून येतात. पायाचा अंगठा इतका दुखतो की चादरीचा स्पर्शही सोसत नाही.

पालघरच्या किनारपट्टीवर सुका जवळा, सुकट, सुके बोंबील हे रोजचे जेवण आहे, आणि ताडीही नवी नाही. सुक्या मासळीत युरिक ॲसिड वाढवणारे घटक जास्त असतात, आणि दारू, विशेषतः बिअर, युरिक ॲसिड वाढवते. भट्टीजवळ घाम गाळून पाणी कमी पिणे हेही निमित्त ठरते. तरी फक्त खाण्याने गाऊट होत नाही. आनुवंशिकता, मूत्रपिंडाची क्षमता, वजन आणि काही ब्लडप्रेशरच्या गोळ्या यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे आजोबांची सुकट पूर्ण बंद करून औषध न देणे हा उपाय नव्हे.

गाऊटचे औषध भोंग्यावर कसे काम करते?

- कोल्चिसिन: पेशीच्या आतल्या वाहतुकीचे रूळ मोडते. त्यामुळे इन्फ्लमासोमची जुळणी आणि पांढऱ्या पेशींची धाव दोन्ही मंदावतात. झटका सुरू होताच घेतले तर जास्त उपयोग होतो. जास्त डोस विषारी ठरतो. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा.
- वेदनाशामक गोळ्या किंवा स्टेरॉइड: पुढची सूज कमी करतात. मेडिकलमधून स्वतःहून घेत राहू नका, मूत्रपिंड बिघडते.
- ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट: भोंग्याला हात लावत नाहीत, खडेच विरघळवतात. युरिक ॲसिड ६च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट. सुरुवातीच्या काही महिन्यांत खडे सुटताना झटके येऊ शकतात, म्हणून गोळी बंद करू नका. मात्र अंगावर पुरळ आले तर लगेच थांबवून डॉक्टरांना भेटा.
- इंटरल्यूकिन-१ अडवणारी इंजेक्शने: ॲनाकिन्रा, कॅनाकिनुमॅब. फार थोड्या रुग्णांना लागतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कॅनाकिनुमॅबने हृदयविकाराचे प्रमाण थोडे घटले, पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. भोंगा पूर्ण बंद करण्याची ही किंमत आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इन्फ्लमासोमची रक्ततपासणी होते का?
रुग्णासाठी उपयोगी अशी नेहमीची तपासणी नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा रक्तात फार कमी प्रमाणात असते. सीआरपी आणि ईएसआर दाह आहे एवढे सांगतात, कारण सांगत नाहीत. महागड्या पॅकेजची गरज नाही.

एमआयडीसीत रात्री वास येतो, डोळे चुरचुरतात. तेही हेच का?
बहुधा नाही. वायू आणि आम्लाच्या वाफा थेट जळजळ करतात, तो वेगळा मार्ग आहे. त्याचीही तक्रार आणि तपासणी करावी, पण त्याने सिलिकोसिस होत नाही.

माझा एक्स-रे चांगला आहे. मास्क सोडू का?
नाही. डाग दिसेपर्यंत पेशींतले चक्र बराच काळ चाललेले असते. चांगला एक्स-रे म्हणजे वाचवण्यासारखे अजून सगळे शिल्लक आहे.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, बेडक्यातून रक्त, रात्री ताप किंवा वजन घटणे.
- पूर्वी न लागणारी धाप आता लागणे, ओठ निळसर होणे.
- ताप आणि थंडीसह एकच सांधा सुजणे. हा गाऊट नसून सांध्यात पू झालेला असू शकतो, त्यात उशीर चालत नाही.
- कोल्चिसिन घेतल्यावर सतत जुलाब, उलट्या किंवा स्नायूंत अशक्तपणा.

*हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीबाबतचा निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*